शांत पंप

सेंट्रिफ्युगल पंपाइतके गरीब स्वभावाचे यंत्र दुसरे नसेल, असा सर्वसाधारण समज आहे. त्यात धूर नाही, ज्वाळा नाही, खडखडणारे दट्टे नाहीत. शंखाकृती लोखंडी कवच, त्यात वक्र पात्यांचे एक चक्र, आणि ते फिरविणारी मोटर. एवढाच त्याचा संसार. चक्र फिरले की मध्यावरचे पाणी कडेला फेकले जाते, मध्याशी दाब उतरतो आणि त्या पोकळीकडे नवे पाणी चढते. ज्यांचे बालपण मळ्यातल्या विहिरीपाशी गेले त्यांच्या कानांत ती घरघर अजून असेल. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी माळरानावर वाडी वसविली. तेथून लोखंडी नांगर गावोगाव गेले, पुढे पंपही गेले, आणि या यंत्राशी आपले नाते घरच्या जुन्या गड्याशी असावे तसे सलगीचे झाले. सलगीत माणसाचा खरा स्वभाव पुष्कळदा दृष्टिआड होतो. यंत्राचेही तसेच होत असावे.

हा स्वभाव मला कळला तो गुवाहाटीस. आमच्या वसाहतीला ब्रह्मपुत्रेचे पाणी येते. पंपघर म्हणजे काठावरची एक रुंद, कोरडी विहीर; दोन जिने उतरून गेले की तळाच्या फरशीवर तीन पंप. माझा त्यांच्याशी संबंध केवळ कागदोपत्री. विजेच्या बिलाचा मेळ घालण्याकरिता पंपघराची नोंदवही महिन्यातून एकदा माझ्या टेबलावर येते. परंतु कॉलेजात पदार्थविज्ञान शिकलेल्या माणसाला आकड्यामागे काय आहे हे विचारण्याची खोड जडते, ती कारकुनीतही सुटत नाही. माझ्या प्रश्नांना उत्तरे देणारे गृहस्थ म्हणजे तेथील वयोवृद्ध चालक. त्यांना सारी वसाहत 'दादा' म्हणते.

गुवाहाटीस नदीची धोक्याची पातळी ४९.६८ मीटर धरतात. पावसाळ्यात पाणी त्या खुणेकडे धाव घेते; माघ-फाल्गुनात तीच नदी कित्येक मीटर खाली जाऊन वाळूत लोळत असते. पंप तोच, फरशी तीच, मोटरची गतीही तीच. बदलते ती नदी. आणि पंपाचे वागणे ठरते ते त्याच्या दोन्ही टोकांना काय आहे यावरून.

हिवाळ्यात पाणी खाली गेले की पंपाला ते वर ओढावे लागते, असे आपण म्हणतो. वस्तुतः पंप ओढीत नाही. बाहेरची हवा पाण्याला वर ढकलते. हवेची ही ताकद समुद्रसपाटीला फार तर १०.३ मीटर. तीतून नळीतले घर्षण आणि पाण्याच्या वाफेचा दाब वजा जाता व्यवहारात सहा-सात मीटर पदरात पडतात. त्याहून अधिक मागितले तर चक्राच्या मुखाशी दाब इतका उतरतो की थंडगार पाणीही तेथे उकळते. वाफेचे बुडबुडे पात्यांवरून पुढे सरकतात आणि दाब वाढताच फुटतात. त्याचा आवाज सुपात खडे पाखडल्यासारखा येतो. काही महिन्यांनी कवच उघडावे तो पाती वाळवी लागलेल्या लाकडासारखी पोखरलेली! नवखा मनुष्य अशा वेळी शोषणाच्या बाजूची झडप आवळतो. तसे केल्याने मुखाशी पाणी आणखीच कमी पडते. आवळायची ती बाहेर टाकणारी झडप, तीही थोडीच.

पुरात पाणी आपणहून वर आले, म्हणजे पंपाचे काम हलके व्हावे. होते नेमके उलटे. चढाव कमी झाल्याने पंप अधिक पाणी फेकू लागतो, आणि जितके पाणी अधिक तितकी मोटर अधिक वीज खाते. ॲमीटरचा काटा तांबड्या रेघेला टेकतो तो ऐन श्रावणात! दादा हसून म्हणतात, "नदी मदतीला आली की मला भीती वाटते." येथेही उपाय तोच, बाहेरची झडप थोडी आवळण्याचा.

मात्र या दोन्ही संकटांना आवाज आहे, काटा आहे. तिसऱ्याला काहीच नाही. बाहेरची झडप पूर्ण मिटली तर पंप थांबत नाही. चक्र त्याच त्या पाण्याला घुसळीत राहते. वीज कमी लागते, थरथर फारशी नसते, सारे कसे प्रसन्न दिसते. आमची मोटर ७५ किलोवॉटची. झडप बंद असताना ती ३० किलोवॉट घेते असे धरू. कवचात पाणी ६० लिटर. गणित सोपे आहे. मिनिटाला सात अंश, म्हणजे साडेदहा मिनिटांत पाणी उकळीला येते. लोखंडही उष्णता पिते, म्हणून वेळ दुप्पट धरावा. शोषणाची झडपही मिटलेली असेल तर वाफेला जायला वाट उरत नाही, आणि मग ते बिडाचे कवच म्हणजे पेटत्या चुलीवरची तोंड बांधलेली घागर.

२०२३ च्या पावसाळ्यात दुपारी दोन नंबरच्या पंपाचे पॅकिंग बदलले. दोन्ही झडपा मिटलेल्या राहिल्या. संध्याकाळी नव्या मुलाने पंप सुरू केला, बाहेरची झडप बंद ठेवूनच, कारण नियमच तसा आहे. पण तो नियम मिनिटभरापुरता असतो. झडप उघडणार तोच वरच्या मजल्यावर फोन वाजला: टाकीत पाणी किती? तो वर गेला, बोलत राहिला, आणि जाता-येता नोंदवहीत आकडा लिहिला. नेहमीच्या १२० अँपिअरच्या जागी ७०. शेरा: ठीक. पाळी बदलायला आलेल्या दादांनी जिन्यावरून खाली डोकावले, तेव्हा शाफ्टपाशी, जेथे थेंब ठिबकावेत, तेथे वाफेची एक बारीक रेघ होती. ते खाली उतरले नाहीत. वरच्या वरच मोटरची वीज तोडली, जिन्याचे दार ओढून घेतले आणि त्या मुलाला दंडाला धरून बाहेर नेले. "झडप उघडून येतो", असे तो म्हणत होता. सकाळपर्यंत त्यांनी कोणालाही झडपेला हात लावू दिला नाही. त्या मुलाला तेव्हा एक महिन्याची लेक होती, हे मला पुष्कळ दिवसांनी कळले.

वरिष्ठ कचेरीत अहवाल गेला. तेथील छापील नमुन्यात 'झालेले नुकसान' असा रकाना आहे. त्यात आमच्या लोकांनी प्रामाणिकपणे 'निरंक' लिहिले आणि प्रकरण मिटले. जे घडलेच नाही त्याला सरकारी कागदात जागा नसते. याबद्दल मी कोणाला दोष देत नाही, असे नमुने मीही रोज भरतो. पण ती नोंदवही मला अजून छळते. आकडा खरा होता, वेळेवर लिहिलेला होता. तो उतरला म्हणजे विजेची बचत झाली, इतकेच तिच्यावरून वाचता येत होते.

नव्या नोंदवह्या छापण्यास मंजुरी लागते, म्हणून दादांनी आणि मी जुन्यांतच पेन्सिलीने एक रकाना आखला: 'कालच्याहून काय निराळे?' जिन्याच्या तोंडाशी एक फळाही आहे. कोणती झडप कोणी, किती वाजता, कशासाठी मिटली, ते त्यावर लिहायचे, आणि पुसायचे ते लिहिणाऱ्यानेच. दोन पंप बरोबरीने चालताना थकलेल्या पंपाचे पाणी दुसऱ्याच्या दाबाने अडते आणि कोणी हात न लावताही तो मिटल्यासारखा होतो. म्हणून त्याचे आकडे हल्ली वेगळे लिहितात. गेल्या महिन्याची वही आली तेव्हा त्या रकान्यात बहुतेक दिवशी 'काही नाही' असेच होते. एका रात्रीच्या ओळीत मात्र त्याच मुलाच्या अक्षरात होते: 'पाणी एक हात उतरले. तीन नंबरचा आवाज बदलला. दादांना उठविले.'