अंडें सोलण्याची विद्या

साठी उलटल्यावर नवी विद्या शिकण्याचा प्रसंग मनुष्यास क्वचितच येतो. आणि आला तरी ती विद्या अंडें सोलण्याची असेल, हें आम्हीं स्वप्नांतहि चिंतिलें नव्हतें. आमचा उभा जन्म मुलांकडून शब्दरूपें आणि धातुरूपें घोकून घेण्यांत गेला. चहाचें आधणहि आम्हीं कधीं स्वहस्तें ठेविलें नाहीं, हें सांगावयास आज थोडी लाज वाटते. परंतु सन २०२३ च्या पावसाळ्यांत आमच्या नऊ वर्षांच्या नातवास विषमज्वरानें गांठलें, आणि तीन आठवड्यांनीं ताप उतरला तेव्हां अंथरुणावर मुलाऐवजीं त्याची सांवलीच काय ती उरली होती. दूध पाहतांच त्यास मळमळे. वरणभाताचे दोन घांस घेऊन तो मान फिरवी. डॉक्टरांनीं सांगितलें, "रोज एक उकडलेलें अंडें द्या. पण पुरतें शिजलेलें, कच्चें अथवा अर्धकच्चें मुळींच नको."

आमच्या घरांत अंडें तोंवर आलें नव्हतें. त्यांतून महिना श्रावणाचा, आणि त्या वर्षीं अधिक मास आल्यामुळें श्रावणहि दुहेरी. आम्हीं आमच्या परीनें शास्त्राधार शोधला. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत, अन्नपानाच्या अध्यायांत, कोंबडी, मोर, चिमणी इत्यादि पक्ष्यांच्या अंड्यांचे गुण सांगितले असून तीं क्षीण मनुष्यास लवकर बळ देतात असा अभिप्राय आहे. हें आम्हीं मोठ्या उत्साहानें आमच्या कुटुंबास वाचून दाखविलें. ती म्हणाली, "चरकानें तें माझ्या ओट्यावर उकडावें असें म्हटलें आहे का?" यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. अखेर तह ठरला तो असा: ओसरीवर विजेची वेगळी शेगडी, वेगळें पातेलें, वेगळी वाटी, आणि यांतील कोणत्याहि वस्तूनें स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडावयाचा नाहीं. चिरंजीव आणि सूनबाई दोघेंहि नोकरीनिमित्त वाईहून साताऱ्यास जाऊन येऊन करीत. सबब पाकसिद्धीचा अधिकार आम्हांकडे आला.

चिरंजीवांचे एक शेतकरी स्नेही रोज पहांटे घरच्या कोंबड्यांचीं ताजीं अंडीं पाठवीत. आम्ही तें थंड पाण्यांत घालून पातेलें शेगडीवर ठेवीत असूं, आणि उकळी येऊन पुष्कळ वेळ झाला म्हणजे उतरवीत असूं. इथवर ठीक. परंतु सोलावयास बसलों कीं आमची फजिती सुरू होई. टरफलाचा प्रत्येक तुकडा पांढऱ्या बलकाचा लचका घेऊनच निघे. बोटें भाजत तीं वेगळींच. वाटींत उरे तें इतकें ओबडधोबड कीं पहिल्या दिवशीं नातवानें विचारलें, "आजोबा, हें उंदरानें कुरतडलें का हो?" आम्हांस हसूं आलें. पण चौथ्या दिवशीं त्यानें वाटी बाजूस सारली आणि भिंतीकडे तोंड केलें, तेव्हां हसूं आलें नाहीं. आजारी मनुष्य प्रथम डोळ्यांनीं जेवतो. आणि आमच्या अडाणीपणापायीं त्या पोराच्या अंगाला लागावयाचें अन्न वायां जात होतें.

ही झटापट आमचें कुटुंब उंबरठ्याच्या आंत उभें राहून रोज पाहत असे. पांचव्या दिवशीं तिला राहवलें नाहीं. ती म्हणाली, "अहो, ओला नारळ कधीं करवंटी सोडतो का? तोच कांहीं महिने ठेवा, आंतला गोटा आपोआप खुळखुळूं लागतो. तुमचें तें आजचें आहे आणि आजच सोलायला बसलां आहां. चार दिवस राहूं द्या कीं!"

आम्हांस ताजेपणा हा गुणच ठाऊक होता. तो येथें दोष ठरेल, हें सुचलें नव्हतें. चिरंजीवांनीं रसायनशास्त्राचा पडताळा घेतला तों आमच्या कुटुंबाचा तर्क खरा ठरला; कारण तेवढें निराळें. नव्या अंड्याच्या पांढऱ्या बलकांत कर्बाम्लवायु असतो. टरफलास हजारों सूक्ष्म छिद्रें असतात; त्यांतून तो दिवसेंदिवस निघून जातो आणि बलकाचा अल्कधर्म वाढत जातो. मग शिजल्यावर बलक आंतील पापुद्र्यास पूर्वीसारखा चिकटत नाहीं. म्हणून फडताळांतून काढलेल्या आठ-दहा दिवसांच्या अंड्याचें टरफल बहुधा सुखानें निघतें. फार जुनें झालें नाहीं ना, हें पाहण्याची युक्तीहि सोपी आहे. अंडें पाण्यांत सोडावें: नवें असेल तें तळाशीं आडवें निजतें, कांहीं दिवसांचें असेल तें तळाशींच उभें राहतें, आणि वर तरंगेल तें टाकून द्यावें.

दुसरी चूक थंड पाण्याची. पाण्याबरोबर अंडें हळूहळू तापलें कीं बलक पापुद्र्यास धरून बसतो. उकळत्या पाण्यांत पळीनें अलगद सोडलें तर तो झटकन गोठून सुटा राहतो. आंच मंद करून बारा मिनिटें पुरतात. आमची वाई समुद्रसपाटीपासून सुमारें ७०० मीटर उंच असल्यामुळें येथें पाणी शंभर अंशांच्या दोन अंश आधींच उकळतें, म्हणून आम्ही मिनिटभर अधिक देतों. महाबळेश्वरीं राहणारांनीं त्याहूनहि थोडें अधिक द्यावें. मात्र अर्धा तास उकळीत ठेवण्यांत शहाणपण नाहीं. तसें केल्यानें पिवळ्या बलकांतील लोह आणि पांढऱ्यांतील गंधक यांचा संयोग होऊन पिवळ्याभोंवतीं हिरवट काळें कडें धरतें. तें अपायकारक नसतें, पण पोराच्या भुकेस मारक होतें खास! उतरतांच अंडें गार पाण्यांत दहा मिनिटें ठेवावें. मग सर्व बाजूंनीं हलकें ठेंचून, बोथट टोंकापासून, पाण्यांतच सोलावें.

बोथट टोंकच कां? तेथें टरफलाच्या आंत दोन पापुद्रे एकमेकांपासून विलग होऊन मध्यें हवेची पोकळी असते. त्या ठिकाणीं नख आंतल्या पापुद्र्याच्या खालीं गेलें कीं काम फत्ते झालें म्हणून समजावें. तो पातळ पापुद्रा प्रथमच अखंड हातीं आला तेव्हां आम्ही क्षणभर थबकलों. छांदोग्य उपनिषदाच्या तिसऱ्या अध्यायांत विश्वाचें अंडें फुटून त्याचें एक शकल रुप्याचें व एक सोन्याचें झालें अशी कथा आहे. रुप्याची पृथ्वी झाली, सोन्याचा द्युलोक. जाड वेष्टनाचे पर्वत, आणि पातळ वेष्टनाचे मेघ व धुकें. तीं दोन वेष्टनें आम्हीं वर्षानुवर्षें फळ्यावर समजावून दिलीं. परंतु ज्यानें तें प्रथम सांगितलें त्यानें अंडें हातांत घेऊन नीट पाहिलें असलें पाहिजे, हें आम्हांस ओसरीवर बसून कळलें.

सातव्या-आठव्या दिवसापासून वाटींत गुळगुळीत, शुभ्र, अखंड अंडें जाऊं लागलें. नातू मिठाची चिमूट घालून तें संपवूं लागला. पंधरवड्यानें तो भिंतीस न धरतां अंगणापर्यंत चालला.

त्याच सुमारास एके दिवशीं बँकेंत पेन्शनीच्या कामासाठीं आम्हांस दुपार झाली. नातवाची वेळ टळून गेली म्हणून छत्री न मिटतांच आम्ही ओसरीवर आलों. शेगडी गार होती. पातेलें धुवून पालथें घातलेलें होतें. नातू रिकामी वाटी पुढें घेऊन बसला होता आणि त्याच्या ओंठास पिवळा बलक लागलेला होता. टोपलींत टरफलें होतीं. मोठमोठे दोनच तुकडे. इतकें सफाईनें सोलणें आम्हांस अद्यापहि साधलेलें नाहीं.

आम्हीं आंत पाहिलें. आमचें कुटुंब देवापुढें वाती वळीत बसलें होतें. वलणीवर अवेळीं धुतलेलें लुगडें ठिबकत होतें, आणि तिचे केंस ओले होते.

आम्हीं कांहीं विचारलें नाहीं. तीहि कांहीं बोलली नाहीं. दुसऱ्या दिवशीं आम्ही नेहमींप्रमाणें ओसरीवर शेगडी पेटविली. तह मोडला असें आजतागायत कोणीहि म्हटलेलें नाहीं.