सरोवरकाठचें सोनें

शिकागोच्या पूर्वेस मिशिगन सरोवर पसरलें आहे. नांव सरोवर; परंतु पलीकडचा तीर दिसत नाहीं. पाणी मात्र गोड. गेल्या श्रावणांत, तीरावरील एका गांवीं, रीतसर अनुमति घेऊन आम्हीं व आमच्या एका स्नेह्यांनीं दिवसभर वाळूंत धातुशोधक यंत्र फिरविलें. वहिनींना त्यांच्या मातोश्रींनीं दिलेली आंगठी तेथें स्नानाच्या वेळीं हरवली होती.

यंत्राच्या टोकास तारेचें वेटोळें असतें. त्यांतील विद्युत्प्रवाह सारखा दिशा पालटतो. त्यामुळें पुरलेल्या धातूंतही प्रवाह उत्पन्न होतो व त्याची वर्दी नादरूपानें कानीं येते. १८८१ सालीं राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्या देहांतील गोळी शोधण्यास ग्रॅहॅम बेल यांनीं असेंच यंत्र योजिलें होतें. गोळी सांपडली नाहीं.

आमचीही तीच गत! सोन्याच्या पातळ आंगठीचा नाद आणि पेयाच्या डब्यावरील ॲल्युमिनियमच्या कडीचा नाद पुष्कळदां सारखाच. म्हणून प्रत्येक नादास खणणें प्राप्त. दुपारपर्यंत सव्वीस कड्या, नऊ नाणीं व एक किल्ली एवढी प्राप्ति झाली.

सायंकाळीं आंगठी निघाली. स्नेह्यांचे हात थरथरले. पण आंत परकीं आद्याक्षरें कोरलेलीं होतीं. क्षणभर कोणीच बोललें नाहीं. मग ते उठले आणि ती किनाऱ्यावरील कचेरींत देऊन आले.

"आपलीही कोणाच्या तरी हातीं लागली असेल," ते म्हणाले. "त्यानें काय करावें, हें आपणांस ठाऊकच आहे."