उजेडाचा चढ

पहाट किती वेळात होते, या प्रश्नाचे उत्तर प्रकाशयोजनेच्या शास्त्रात आकड्यांनी देता येते. सूर्य क्षितिजाखाली १८ अंशांवर असतो तेव्हा चंद्र नसलेल्या रात्री जमिनीवर पडणारा उजेड एका लक्सच्या हजाराव्या भागाच्या आसपास असतो. (पौर्णिमेचे चांदणे म्हणजे फार तर पाव लक्स, आणि रात्री दिवाणखान्यात दिवे लावून बसतो तो उजेड शंभर-दीडशे लक्स, एवढे ध्यानात ठेवले की पुरे.) सूर्य ६ अंशांपर्यंत वर आला की तोच उजेड साडेतीन लक्सच्या जवळ जातो. झुंजूमुंजू म्हणतात ती ही वेळ. बिंबाची कड दिसते तेव्हा मोजणी चारशेच्या घरात पोचलेली असते. मुंबईच्या अक्षांशावर हे सारे सुमारे सव्वा तासात उरकते. एवढ्या वेळात उजेड काही लाख पटींनी वाढतो आणि तरीही कुणी दचकत नाही. कारण सरासरी काढली तर तो दर चार मिनिटांना दुप्पट होत असतो, आणि या दुपटीला एकदम उडी अशी कुठेच नसते. बाजारात ‘सूर्योदय दिवा’ किंवा ‘वेक-अप लाइट’ या नावाने मिळणारी वस्तू याच चढाची नक्कल करते. ठरलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी ती उजळू लागते आणि उठायच्या वेळेला पूर्ण तेजावर येते. माझे म्हणणे एवढेच आहे की या दिव्याची किंमत त्याच्या चढात आहे. जाहिराती ज्यावर भर देतात ते तेज आणि रंगांची आतषबाजी दुय्यम आहे. आणि हा चढ नीट साधला, तरी त्याच्याकडून काय मागायचे आणि काय मागायचे नाही, हे आधी ठरवलेले बरे.

चढ का महत्त्वाचा, ते आधी पाहू. डोळा उजेडाची बेरीज मोजत नाही, पट मोजतो. अंधाऱ्या देवघरात एक पणती तेवत असताना दुसरी लावली तर फरक लगेच जाणवतो. अंगणात शंभर पणत्या असताना एकशे एकावी लावली तर लावणाऱ्याखेरीज कुणाला पत्ता लागत नाही. म्हणून अर्ध्या तासात शून्यापासून तीनशे लक्सपर्यंत दर मिनिटाला दहा-दहा लक्स वाढवणारा दिवा कागदावर अगदी समान गतीचा असला, तरी डोळ्याच्या हिशेबात तो पहिल्या मिनिटातच बहुतेक काम उरकून टाकतो आणि उरलेला वेळ जवळजवळ स्थिर राहतो. स्वस्त दिव्यांत याहून मोठी गोम असते. एलईडी मंद करण्यासाठी तिला सेकंदाला शेकडो-हजारो वेळा चालू-बंद करतात आणि चालू राहण्याचे प्रमाण कमी-जास्त करतात. साध्या नियंत्रकात या प्रमाणाच्या २५६ पायऱ्या असतात. उशाशी कमाल तीनशे लक्स पडत असतील, तर सर्वांत खालची पायरी येते एका लक्सच्या किंचित वर. म्हणजे गडद खोलीत हा दिवा सुरू होतो तोच पौर्णिमेच्या चांदण्याच्या चार-पाच पट उजेडाने, आणि पुढच्या पायरीला एका झटक्यात दुप्पट होतो. झोप सावध असलेल्या माणसाला ही पहिली ‘टिक्’ पुरते. तो ठरलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी जागा होतो आणि दिव्याला बोल लावतो. ६५,५३६ पायऱ्यांचा नियंत्रक वापरून आणि चढ पटीच्या नियमाने आखून ही अडचण सुटते, त्याला फार खर्चही येत नाही. तरीही ते केले जात नाही, कारण गिऱ्हाईक दुकानात दिवा पाहते तो भर उजेडात आणि कमाल तेजावर.

आता पुराव्याकडे वळू. या विषयातले गंभीर काम झाले ते उत्तरेकडच्या देशांत, आणि ते साहजिक आहे. डिसेंबरात सिअॅटलला सूर्य आठच्या सुमारास उगवतो आणि नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनला पावणेनऊच्या सुमारास. तिथे नोकरदार माणूस महिनोन्महिने काळोखात उठतो. हिवाळी नैराश्याचे वर्णन नॉर्मन रोझेंथाल यांनी १९८४ मध्ये केले. त्यावर उपाय म्हणून आधी प्रखर उजेडाच्या पेट्या आल्या आणि मागोमाग पहाटेची नक्कल आली. सिअॅटलच्या डेव्हिड अॅव्हरी यांच्या गटाने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत रुग्णांचे तीन गट होते. एका गटाला सकाळी ६ वाजता अर्धा तास १०,००० लक्स दिले. दुसऱ्या गटाच्या खोलीत पहाटे ४.३० पासून ६ पर्यंत उजेड हळूहळू वाढत २५० लक्सपर्यंत गेला. तिसऱ्याला तेवढाच वेळ वाढत जाणारा अतिमंद लाल उजेड मिळाला, जास्तीत जास्त अर्धा लक्स. ‘मनाची समजूत, दुसरे काय’ असे म्हणणाऱ्यांसाठी हा तिसरा गट फार मोलाचा आहे, कारण दिवा त्यांच्याही उशाशी होता आणि तोही हळूहळूच उजळत होता. २५० लक्सची पहाट या खोट्या पहाटेपेक्षा सरस ठरली आणि काही मोजमापांत प्रखर पेटीलाही मागे टाकून गेली. मात्र ही चाचणी आजारी माणसांवरची होती. निरोगी माणसांबाबत ग्रोनिंगेनमध्ये २०१० च्या सुमारास झालेले प्रयोग अधिक कामाचे आहेत. तिथे अर्ध्या तासाच्या कृत्रिम पहाटेनंतर उठलेल्यांची झोपेची गुंगी लवकर ओसरली आणि त्यांना स्वतःला ताजेतवाने वाटले; पण प्रतिक्रियेचा वेग मोजणाऱ्या चाचण्यांत त्यांनी काही लक्षणीय बाजी मारली नाही. मला हा निकाल प्रामाणिक वाटतो. उठल्यावरची पंधरा-वीस मिनिटे कमी जड जाणे हा खराखुरा फायदा आहे. त्याला बुद्धी तल्लख झाल्याची झालर लावायची गरज नाही.

यावर एक चांगला आक्षेप असा की डोळे तर मिटलेले असतात, मग उजेड पोचतो कसा? पोचतो, पण गाळून. पापणीतल्या रक्तामुळे लाल प्रकाशाचे काही टक्के आत जातात, निळ्या-हिरव्याचा एक टक्कासुद्धा जात नाही. आता गंमत पाहा. शरीराच्या घड्याळाला वेळ कळवणाऱ्या डोळ्यांतल्या पेशी वेगळ्या असतात. त्यांच्यातले मेलॅनॉप्सिन हे द्रव्य १९९८ मध्ये प्रथम सापडले ते बेडकाच्या त्वचेत, आणि दृष्टिपटलातल्या या पेशी स्वतःच प्रकाशाला प्रतिसाद देतात हे २००२ मध्ये डेव्हिड बर्सन यांनी दाखवले. त्या सर्वांत संवेदनशील असतात ४८० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे निळ्या प्रकाशाला, आणि पापणी नेमका तोच अडवते. तेव्हा दिव्याने आधी तांबूस आणि मग पिवळसर उजळणे ही केवळ सजावट नाही, मिटल्या डोळ्यांपर्यंत पोचण्याचा तो एकच रस्ता आहे. पण त्याचाच दुसरा अर्थ असा की ‘या दिव्याने शरीराचे घड्याळ लवकरच्या वेळेला लागेल’ हा दावा जपून घ्यायला हवा. बासेलच्या प्रयोगशाळेत, दिवसभर अंधुक उजेडात ठेवलेल्या लोकांमध्ये, कृत्रिम पहाटेने लय लवकरच्या बाजूला राहिलेली दिसली. ग्रोनिंगेनमध्ये माणसे आपापल्या घरी, रोजच्या व्यवहारात होती, तेव्हा गुंगी कमी झाली तरी मेलाटोनिन या झोपेच्या संप्रेरकाची संध्याकाळची वेळ सरकली नाही. दोन्ही निकाल एकत्र ठेवले तर कोडे उरत नाही. दिवसा बाहेर वावरणाऱ्या माणसाच्या डोळ्यांवर हजारो लक्स पडतात, त्यापुढे उशाशी मिटल्या पापण्यांवर पडलेल्या अडीचशेची काय पत्रास! घड्याळ हलवायचे असेल तर उठल्यावर अर्धा तास गच्चीत किंवा रस्त्यावर काढावा. पावसाळ्यातल्या ढगाळ सकाळीही आठ वाजता बाहेर हजाराच्या वर लक्स असतात.

‘हे सगळे सिअॅटल-ग्रोनिंगेनला ठीक, आपल्याकडे उन्हाला काय तोटा?’ हा आक्षेप तर हमखास येतो. उन्हाला तोटा नाही. पण ते किती वाजता येते, हा प्रश्न उरतोच. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आणि मुंबई आहे ७२.८ अंशांच्या आसपास. मुंबईचे स्वतःचे घड्याळ भारतीय प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे चाले आणि शहराने ते १९५५ पर्यंत धरून ठेवले होते. ते गेले, पण सूर्य काही ३९ मिनिटे लवकर उगवू लागला नाही. जानेवारीच्या मध्यावर मुंबईत सूर्योदय सव्वासातच्या सुमारास होतो, नागपुरात त्याच्या सुमारे २० मिनिटे आधी. सात वाजताच्या शाळेसाठी सहाला उठवले जाणारे मुंबईतले मूल त्या दिवसांत खऱ्या अर्थाने रात्रीच उठते, आकाशात तांबडे फुटायलाही अवकाश असतो. २०२४ मध्ये राज्य शासनाने पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय काढला, तो या दृष्टीने योग्यच होता. पण किशोरवयात झोपेची लय उलट उशिराकडे सरकते, आणि त्या वयाची मुले या निर्णयाच्या बाहेर राहिली. पहिल्या लोकलने कामावर जाणाऱ्यांची, पहिल्या पाळीच्या नर्सची तीच गत. शिवाय शहरातल्या शयनखोलीत ऊन येईलच असे नाही. खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत, एसीसाठी बंद केलेल्या काचा आणि रस्त्यावरच्या दिव्याचा त्रास नको म्हणून लावलेले जाड पडदे. रात्री अंधार हवा आणि पहाटे उजेड हवा, या दोन रास्त मागण्या एका पडद्याकडून पुऱ्या होत नाहीत. ज्याच्या घरी पूर्वेची खिडकी आहे, रस्त्याचा दिवा नाही आणि उठण्याची वेळ सातनंतरची आहे, त्याने हा दिवा घेऊ नये. पडदा हातभर उघडा ठेवला की झाले.

दुसरा आक्षेप घरच्या वडीलधाऱ्यांचा असतो. ब्राह्ममुहूर्त सूर्योदयाच्या ९६ मिनिटे आधी सुरू होऊन ४८ मिनिटे आधी संपतो. तेव्हा पूर्वज काळोखातच उठत, काकडआरतीला जात, नरक चतुर्दशीला अभ्यंगस्नान करत. त्यांना कुठे दिवा लागला? खरे आहे. पण ती माणसे दिवेलागणीनंतर दोन-तीन तासांत अंथरुणाला पाठ टेकत. रात्री साडेनऊला झोपलेला माणूस साडेचारपर्यंत सात तास भरतो. त्याची झोप पहाटे आपोआप पातळ होत आलेली असते आणि कुणी हाक मारली तरी पुरते. साडेबाराला मोबाइल ठेवून साडेपाचला उठणाऱ्याची गोष्ट वेगळी, आणि इथे मला माझ्याच धंद्याविरुद्ध बोलणे भाग आहे. झोपेची तूट कोणताही दिवा भरून काढत नाही. उलट चांगला चढ असलेला दिवा तूट सुसह्य करतो आणि माणूस ती वर्षानुवर्षे रेटत राहतो. गजराने कपाळाला आठ्या पडतात त्या निदान तक्रार तरी करतात.

गजर पुरता काढून टाकावा असेही मी म्हणणार नाही. वीज जाते, माणूस कूस बदलून भिंतीकडे तोंड करतो, दमलेला माणूस तीनशे लक्समध्येही घोरतो. शेवटी मंद आवाज हवाच. फक्त तो हलक्या झालेल्या झोपेवर पडतो, गाढ झोपेवर नाही, एवढा फरक दिव्याने पडतो. एका पलंगावरच्या दोघांच्या वेळा वेगळ्या असतील तर दिवा ज्याचा त्याच्या कडेला, आडोशाने ठेवावा. अंतर दुप्पट केले की उजेड चौथाईवर येतो, याचा इथे फायदा घेता येतो. मोबाइलवरच्या ‘सूर्योदय’ अॅपवर मात्र विसंबू नये. एवढ्याशा पडद्याचा उजेड हातभर अंतरावर वीस-पंचवीस लक्सच्या आसपास भरतो. दृष्टिपटलाचा आजार किंवा उन्माद-नैराश्याचा विकार असेल त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे, कारण प्रकाश हेही औषधच आहे.

खोक्यावर कमाल तेज ठळक छापलेले असते आणि किमान तेज कुठेच नसते, ही माझी उत्पादकांशी जुनी तक्रार आहे. उशापासून अर्ध्या मीटरवर पहिल्या पायरीचा उजेड किती, आणि चढ पटीने आहे की बेरजेने, या दोन गोष्टी छापल्या तर निम्मे दिवे आपोआप दुकानातून हद्दपार होतील. तोवर गिऱ्हाइकाने दुकानदाराला मागची खोली मागावी, दार लावून दिवे मालवावेत, दोन-तीन मिनिटे डोळे अंधाराला सरावू द्यावेत आणि मग दिव्याचा चढ सुरू करायला सांगावा. तो नेमका कोणत्या क्षणी लागला हे सांगता आले, तर पैसे खिशातच राहू द्यावेत.