पणजीचा शब्द

रात्री दोन वाजता मोबाइलवर एक व्हिडिओ समोर आला. रंगमंचावर एक उतार. पांढऱ्या पोशाखातली मुलगी त्यावरून येते, एक पाय मागे उचलून पुढे झुकते, सावरते, दोन पावलं टाकते. तिच्या मागे दुसरी, तेच. मग तिसरी. अशा 32 जणी. मी शेवटपर्यंत पाहिलं आणि मग नाव वाचलं: ‘ला बायादेर’.

शब्द ओळखीचा वाटला. लहानपणी आजीच्या पेटीत पोर्तुगीज काळातला एक कागद मिळाला होता. पणजीच्या नावापुढे लिहिलं होतं, ‘बायलादेइरा’. म्हणजे नाचणारी. आजीने कागद हातातून काढून घेतला. देवळात नाचगाणं करणाऱ्या बायकांना पोर्तुगीज हेच म्हणत. फ्रेंचांनी त्याच शब्दाचं ‘बायादेर’ केलं.

हा बॅले 1877 साली सेंट पीटर्सबर्गमध्ये रंगमंचावर आला. रचना मारियुस पेतिपाची, संगीत लुडविग मिंकुसचं. पेतिपा भारतात कधी आलाच नाही. त्यामुळे गोवळकोंड्याच्या राजाच्या मुलीचं नाव गमझाती, नायक सोलोर आणि देवळातली नर्तिका निकिया! आपल्याकडे अशी नावं कोण ठेवतं? खऱ्या नर्तिका मात्र युरोपने त्याआधी पाहिल्या होत्या. 1838 साली पाँडिचेरीजवळच्या तिरुवेंदिपुरमच्या देवदासी पॅरिसला गेल्या. त्यांतल्या अमनीवर लेखक तेओफिल गोतिए इतका खूश झाला की त्याने तिच्यावर भरभरून लिहिलं. बार नावाच्या शिल्पकाराने तिची छोटी मूर्ती घडवली. चाळीस वर्षांनी त्या बायकांचं उरलं काय, तर एक नाव आणि थोडे दागिने. नाच सगळा युरोपचा.

तरीही तो उताराचा प्रवेश मला सुटेना. सोलोर अफू ओढतो आणि त्याला मेलेली निकिया दिसते, एकटी नाही, सावल्यांच्या रांगेसकट. रुडॉल्फ नुरेयेवने 1992 साली पॅरिसमध्ये अख्खा बॅले बसवला. ते त्याचं शेवटचं काम. काही महिन्यांत तो गेला. दुसऱ्या टोकाला, 2019 मध्ये याच बॅलेसाठी चेहरे काळे रंगवलेल्या रशियन मुलींचा फोटो फिरला आणि वाद पेटला. मला दोन्ही एकदम पटतं, हीच अडचण आहे.

सकाळी आजीला दाखवलं. गोष्टही सांगितली: फुलांच्या परडीतून साप, निकियाला दंश, आणि तिच्यावर डोळा असलेला मुख्य पुजारी उतारा घेऊन पुढे येतो. अट एकच, तिने त्याची व्हायचं. ती नाकारते आणि मरते.

“बरं केलं,” आजी म्हणाली. जरा वेळाने, “आमची आई नाचायची तेव्हा पालखीसमोर एवढीशी जागा असायची. अशी रांग कुठली गो?”

आईच्या नाचाबद्दल ती माझ्यासमोर पहिल्यांदाच बोलत होती. मी पुढे काही विचारलं नाही.

“परत लाव.”

मी लावला. ती मांडीवर बोटांनी ताल धरून बघत होती. एकीच्या पायाकडे बोट दाखवून म्हणाली, “ही बघ, डळमळली.”

मी मागे नेऊन पाहिलं. खरंच डळमळली होती.