धावेवरचा रंग

इंजिन विकत घेतलं तेव्हाच ठरवलं होतं, हे चालवायचं नाही. दार्जिलिंगच्या छोट्या गाडीचं 'बी' वर्गाचं इंजिन, एकास एकोणीस प्रमाणात. खरं इंजिन दोन फुटी रुळांवर धावतं, हे 32 मिलिमीटरच्या. अंगावरचे रिव्हेट मोजता येतात. दोन माणसं पुढे बसून रुळांवर वाळू सोडतात, ती जागासुद्धा आहे. आणि पोटात खराखुरा बॉयलर: गॅसवर पाणी उकळतं, वाफेवर चाकं फिरतात. इथे इंग्लंडमध्ये घरामागच्या बागेत अशी रेल्वे मांडणारे पुष्कळ आहेत. माझ्या बागेत रूळ नव्हते. इंजिन बैठकीत, काचेच्या कपाटात. पाहुणे आले की कपाटातला दिवा लावायचा. चार वर्षं असंच चाललं.

का चालवत नाही, याचं उत्तर तयार असायचं. धुराड्याचा रंग पोळतो, बारीक भाग तुटतात, ओल लागून पितळ काळवंडतं. यातलं काहीच खोटं नव्हतं. फक्त माझं कारण ते नव्हतं.

माझे वडील भुसावळच्या लोको शेडमध्ये फिटर होते. घरी आले की आधी मोरीवर रॉकेलने हात चोळायचे, मग साबण. तरी नखांच्या कडेची काळी रेघ जायची नाही. त्यांचे कपडे आई वेगळे भिजवायची. शाळेच्या फॉर्मवर 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात मी 'रेल्वेत नोकरी' एवढंच लिहायचो. 'फिटर' हा शब्द मी एकदाही लिहिला नाही. वडील तो फॉर्म वाचूनच सही करत असणार. सही करायचे आणि पेन मला परत द्यायचे.

गेल्या एप्रिलमध्ये शेजारच्या गृहस्थांनी त्यांच्या बागेत बोलावलं. इंजिनही आणा म्हणाले. मी ते खोक्यात घालून, नुसतं दाखवायला, नेलं. त्यांचं स्वतःचं इंजिन जुनं, टाकीवरचा हिरवा रंग बोटं लागून लागून उडालेला. त्यांनी माझं इंजिन दोन्ही हातांनी उचललं. मला वाटलं, आता रिव्हेट बघतील. त्यांनी ते उलटं केलं आणि चाकांच्या धावेवरून अंगठा फिरवला. धावेवर कारखान्यातला काळा रंग जसाच्या तसा होता. रुळावर एकदा जरी चाललं असतं तरी तिथे चकाकी आली असती.

ते काही बोलले नाहीत. मीच खुलासा करत सुटलो: रंग, पितळ, ओल. बोलता बोलता माझं मलाच ऐकू येईना झालं. त्यांनी शांतपणे तेलाची बाटली माझ्या हातात दिली.

गाळलेलं पावसाचं पाणी पिचकारीने बॉयलरमध्ये भरलं. मग वंगणाच्या छोट्या डबीत स्टीम ऑइल. ही डबी काम कशी करते, ते त्या दिवशी कळलं. वाफ तिच्यात शिरून थंड होते, तिचं पाणी होतं, ते जड म्हणून तळाशी बसतं आणि तेवढंच तेल वर लोटलं जाऊन वाफेबरोबर सिलिंडरमध्ये जातं. फिटरच्या मुलाला हे पन्नाशी उलटल्यावर कळलं. ज्याला विचारायचं तो माणूस जाऊन अकरा वर्षं झाली. तो घरात होता तेव्हा मी कधी विचारलं नाही.

धुराड्याच्या तोंडाशी ज्योत धरली, आत गॅस पेटला. आठ-दहा मिनिटांनी दाबाचा काटा चाळिसाकडे सरकला. थंड सिलिंडरमध्ये वाफेचं पाणी साचतं, ते निघून जावं म्हणून इंजिन हाताने मागेपुढे ढकलावं लागतं. मी ढकललं. धुराड्यातून काळं तेलकट पाणी उडालं ते थेट माझ्या शर्टावर, मनगटांवर. आणि तापलेल्या तेलाचा वास आला.

तो वास आमच्या मोरीतला होता. आई वेगळे भिजवायची त्या कपड्यांचा.

मी रुळांशेजारी तसाच ओणवा राहिलो. काच इंजिनासाठी नव्हतीच, माझ्या हातांसाठी होती. इतकी वर्षं मला इंजिन हवं होतं, पण ज्याच्या हातांवर ते चालतं तो माणूस नको होता. मी त्या माणसाचं पोर होतो, त्याच्या कमाईवर शिकलो, आणि शिकलेली अक्षरं वापरून त्याचं काम लपवलं. याला लहानपण म्हणून सोडून देता येत नाही. वीस वर्षांचा झालो, चाळीस वर्षांचा झालो, तरी मी ते वाक्य बदललं नव्हतं.

इंजिन पंचवीस मिनिटं चाललं. सुरुवातीला अडखळत होतं, चार वर्षं उभं राहिलेलं. मग वळणावर आवाज एकसारखा झाला. एकदा रुळावरून घसरलं आणि पुढच्या दिव्याची कडी वाकली. मी ती सरळ केलेली नाही.

रात्री घरी हात धुतले. रॉकेल नव्हतं, भांड्यांच्या साबणात साखर मिसळून चोळलं. उजव्या अंगठ्याच्या नखाला रेघ राहिलीच. सोमवारी ऑफिसात मीटिंग होती. शेजारी बसलेल्या मुलीने नखाकडे बघून विचारलं, हे काय लागलंय? इंजिनाचं तेल, मी म्हणालो. माझे वडील फिटर होते.