गोपाचलाच्या पायथ्याची राणी

बीड जिल्ह्यातील नांदूरघाटहून सोनागिर सिद्धक्षेत्राच्या यात्रेस निघालेल्या श्रावकाला ग्वाल्हेरही पाहता येते. तेथील किल्ला म्हणजेच गोपाचल. पंधराव्या शतकात तोमर राजे डूंगरसिंह व कीर्तिसिंह यांच्या काळात त्याच्या कड्यांत तीर्थंकरांच्या भव्य प्रतिमा कोरल्या गेल्या. उरवाई घळीतील आदिनाथांची प्रतिमा तर सुमारे 57 फूट उंच आहे. 1527 मध्ये बाबराच्या हुकमाने अनेक प्रतिमा विद्रूप झाल्या. पण त्यांची शांत मुद्रा ढळली नाही.

याच किल्ल्याच्या पायथ्याशी दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून ‘लष्कर’ हे शहर वसले. यात्रेकरू बहुधा तेथे न रेंगाळता परततो. एका मराठी राणीचा उत्कर्ष आणि अधःपात मात्र याच शहराने पाहिला.

बायजाबाई मूळच्या कागलच्या; सर्जेराव घाटग्यांच्या कन्या. जन्म 1784 चा. 1798 मध्ये पुण्यात दौलतरावांशी त्यांचा विवाह झाला. 21 मार्च 1827 रोजी दौलतराव निपुत्रिक वारले. त्यानंतर बाईंनी शिंदे कुळातील अकरा वर्षांचा मुलगा दत्तक घेतला. तोच जनकोजीराव. कारभार बाईंच्या हाती आला. त्या उत्तम घोडेस्वार होत्या, हिशेबात चोख होत्या आणि उज्जैनच्या सराफी व्यवहारातही त्यांचे भांडवल गुंतलेले होते. काशीच्या ज्ञानवापी विहिरीवरील स्तंभमंडप त्यांनीच 1828 मध्ये बांधविला.

वाद उभा राहिला तो अधिकाराच्या मुदतीवरून. आपण तहहयात राज्य करावे, ही पतीचीच इच्छा होती, असे बाईंचे म्हणणे. जनकोजी वयात येताच गादीचा हक्क मागू लागले. डिसेंबर 1832 मध्ये गव्हर्नर जनरल बेंटिंक ग्वाल्हेरला आले, पण त्यांनी निवाडा करण्याचे टाळले. अखेर जुलै 1833 मध्ये फौजेनेच जनकोजींचा पक्ष घेतला आणि बाईंना लष्कर सोडावे लागले. कंपनी सरकारने नव्या सत्तेस मान्यता दिली. त्यापूर्वी चाळीस वर्षे, 1793 मध्ये, फ्रान्सच्या राणीला क्रांतीने वधस्तंभावर नेले होते. बायजाबाईंचा जीव वाचला, राज्य गेले.

पुढे आग्रा, फत्तेगड, अलाहाबाद, नाशिक असा त्यांचा वनवास झाला. फॅनी पार्क्स या इंग्रज प्रवासिनीने त्यांना या काळात जवळून पाहिले व आदराने वर्णिले. उतारवयात त्या ग्वाल्हेरला परतल्या. जून 1858 मध्ये तात्या टोपे, रावसाहेब व झाशीची राणी यांनी शहर घेतले, जयाजीराव आग्र्यास गेले. बाईंनी मात्र बंडवाल्यांची बाजू घेतली नाही. 1863 मध्ये त्यांचे देहावसान झाले.

बाईंना लोभी ठरविणे सोपे आहे. पण त्यांच्या कर्तृत्वाशी ते न्यायाचे नाही. त्याच गादीवर पुरुष असता, तर त्याच्या सत्ताकांक्षेस पराक्रम म्हटले गेले असते. तरीही एक प्रश्न उरतो. अज्ञान मुलाचे राज्य ही विश्वस्ताकडे सोपविलेली ठेव असते. ठेवीदार वयात आला की ती परत करावी लागते. चोख हिशेब जाणणाऱ्या बाईंना हीच एक नोंद मान्य झाली नाही. परिग्रह केवळ धनाचा नसतो, अधिकाराचाही असतो. सर्व त्यागून कड्यात उभे असलेले आदिनाथ आणि पायथ्याशी गादीसाठी झगडलेली राणी, ही दोन्ही दर्शने यात्रेकरूने एकाच दिवशी घ्यावीत.