ज्यूरीत बसाल तेव्हा: साक्षीदार खरा की खोटा?

मंडळी, ज्यूरी ड्युटीचं पत्र आलं की आपल्या ग्रुपवर पहिला प्रश्न ठरलेला: "यातून सुटायचं कसं?" ऑफिस बुडतं, मुलांना शाळेतून आणायचं कोणी, सगळं मान्य. तरी मी म्हणेन, एकदा जाऊन बसाच. (अमेरिकेत नागरिक झाल्यावरच बोलावतात. ब्रिटनमधल्या मंडळींनो, तुमच्याकडे मतदार यादीत नाव असेल आणि पाच वर्षं तिथे राहिला असाल, तर भारतीय पासपोर्टवरही पत्र येऊ शकतं बरं का.)

ज्यूरी म्हटलं की आपल्याला आठवतो नानावटी खटला. १९५९, मुंबई, ८ विरुद्ध १ मतांनी 'निर्दोष'. हायकोर्टाने तो निकाल फिरवला, तेव्हा न्यायाधीशांनी ज्यूरीला केलेल्या मार्गदर्शनातल्या चुकाही दाखवल्या. म्हणजे ज्यूरीला काय सांगितलं जातं, यावर किती अवलंबून असतं बघा.

इथे कॅलिफोर्नियात ते मार्गदर्शन छापील आणि साध्या भाषेत असतं. फौजदारी खटल्यातली सूचना क्रमांक २२६ साक्षीदारांबद्दल आहे. त्याला नीट दिसत-ऐकू येत होतं का, आठवतंय किती, कोणाशी नातं किंवा वैर आहे का, आधी काही वेगळं बोललाय का, बाकीच्या पुराव्याशी जुळतंय का, असे प्रश्न त्यात आहेत. पण लगेच पुढे सांगितलंय की बोलण्यात फरक पडला म्हणून साक्ष आपोआप फेकून देऊ नका, माणसं प्रामाणिकपणेही विसरतात. आणि एखादा महत्त्वाच्या गोष्टीत मुद्दाम खोटं बोलला असं वाटलं तर? त्याचं काहीच न मानण्याची मुभा आहे, सक्ती नाही. खरं वाटतं तेवढं घ्या, बाकीचं सोडा. (घरी मुलांची भांडणं सोडवताना आपण एवढा विचार करतो? "मागे खोटं बोलला होतास ना, मग आताही तूच!" झालं, केस संपली.)

माझ्या खटल्यात पार्किंगवरून मारामारी झाली होती आणि मुख्य साक्षीदार होत्या सत्तरीच्या एक हिंदीभाषिक बाई. दुभाषी दिलेला होता. भांडण किती वेळ पाहिलं, या प्रश्नावर त्या म्हणाल्या, "दो-चार मिनट." दुभाष्याने शब्दशः सांगितलं, दोन ते चार मिनिटं. बचाव पक्षाच्या वकिलाने तेच धरलं. पोलिसांना तर तुम्ही दहा मिनिटं सांगितली होती, मग खरं कुठलं? बाई गोंधळल्या, खाली बघायला लागल्या.

आता आपल्याला माहीत आहे, 'दो-चार' म्हणजे 'थोडा वेळ'. पण नियम असा की तुम्हाला ती भाषा येत असली तरी कोर्टातलं भाषांतरच धरायचं, शेजारच्या ज्यूररला कुजबुजून अर्थ सांगायचा नाही. चूक वाटली तर लगेच चिठ्ठी लिहून बेलिफकडे द्यायची. मी दिली. न्यायाधीशांनी दोन्ही वकिलांशी बोलून दुभाष्याला विचारलं आणि नोंद दुरुस्त झाली: थोडीशी मिनिटं.

म्हणून बाई शंभर टक्के खऱ्या ठरल्या का? नाही. दहा मिनिटं आणि थोडीशी मिनिटं यात फरक उरलाच. शिवाय त्या तक्रारदाराच्या शेजारी, जाण्या-येण्यातल्या. हा आक्षेप मला जास्त वजनदार वाटला.

ज्यूरी रूममध्ये एक जण म्हणाला, "त्यांनी एकदाही नजर मिळवली नाही, काहीतरी लपवत होत्या." साक्ष देतानाचं वागणं बघायला सूचनेत सांगितलंय, हे खरं. पण खाली बघणं म्हणजे खोटं, असं कुठे लिहिलंय? मी कागद काढून तेवढंच विचारलं. मग कोणीतरी म्हणालं, माझी आजीपण अशीच बोलते.

दुसरा मुद्दा वकिलांच्या प्रश्नांचा. "तुम्ही चष्मा लावलाच नव्हता ना?" असं विचारलं की आपल्या मनात चष्मा गेलेलाच असतो. पण प्रश्न हा पुरावा नसतो, उत्तर असतं. बाईंचं उत्तर होतं, लावला होता. बारा जणांपैकी तिघांना प्रश्न आठवत होता, उत्तर नाही.

शेवटी आम्ही काय केलं? बाईंनी मारामारी पाहिली, हे मानलं. पहिला धक्का कोणी दिला, हे त्यांना दिसलं असेल असं मानलं नाही, कारण मध्ये व्हॅन उभी होती आणि ते फोटोत स्पष्ट होतं. आणि साक्षीदारांची डोकी मोजून निकाल द्यायचा नसतो, एकाच साक्षीनेही गोष्ट सिद्ध होऊ शकते, हे वाचून दाखवावं लागलं, कारण एक काका सारखे "दोन विरुद्ध एक" म्हणत होते.

एक लक्षात ठेवा, राज्याराज्यांत फरक असतो. कॅलिफोर्नियात साक्षीदाराचं आधीचं वेगळं विधान खुद्द पुरावा म्हणूनही धरता येतं, पण फेडरल कोर्टात ते शपथेवर नसेल तर बहुतेक वेळा फक्त विश्वासार्हता तोलायला वापरतात. तेव्हा तुम्हाला मिळालेला कागदच वाचा, माझी पोस्ट नाही. आणि निवड होताना कोणती भाषा येते असं विचारलं, तर हिंदी-मराठी-गुजराती जी येत असेल ती मोकळेपणाने सांगा. येत्या महिन्यात कोणाला पत्र आलंय? कमेंटमध्ये लिहा, मुलांना शाळेतून आणायची सोय आपण आपसात बघू.